ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगास तेलाच्या दाबाचें साह्य

ट्रॅक्टर विकत घेतांना आपण त्याचें अश्वबळ पाहतों, नांगर किती खोल जाईल हें विचारतों, डिझेल किती लागेल याचा हिशेब करतों; परंतु तो वळविण्यास माणसाच्या हातांस किती जोर लावावा लागेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नव्या ट्रॅक्टरांपैकीं पुष्कळांत आतां तेलाच्या दाबानें चालणारें स्टिअरिंग, ज्यास आपण ‘पॉवर स्टिअरिंग’ म्हणतों, कारखान्यांतूनच बसवून येतें. तथापि पंधरा-वीस वर्षांपूर्वीं घेतलेले, इंजिन अद्याप धडधाकट असलेले, पण केवळ हाताच्या जोरानें वळणारे ट्रॅक्टर आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या गोठ्याशेजारीं आजही उभे असतील. अशा ट्रॅक्टरास मागाहून हें साह्य जोडतां येतें काय, जोडावें काय, आणि जोडल्यास कोणती काळजी घ्यावी, या तीन प्रश्नांचा विचार या पाठांत करावयाचा आहे. आमच्या स्वतःच्या शेतावर आम्हीं हा प्रयोग केला, व त्यांत आमच्या हातून एक चूकही झाली. ती झांकून न ठेवतां येथें मांडणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

स्टिअरिंग जड कां होतें?

चाक वळवावयाचें म्हणजे टायर जमिनीवर घासत फिरवावयाचा. हें घर्षण त्या चाकावर जितकें वजन पडेल तितकें वाढतें. साध्या कामांत ट्रॅक्टरचें बहुतेक वजन मागच्या मोठ्या चाकांवर असतें, म्हणून पुढचीं चाकें हातानें वळवितां येतात. परंतु पुढें लोडर बसविला कीं हा हिशेब पार बदलतो. एक उदाहरण घेऊं. समजा, ट्रॅक्टरच्या पुढच्या आंसावर एरवीं ७५० किलो वजन आहे. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १.९ मीटर आहे. आणि लोडरच्या बादलींत ५०० किलो शेणखत असून ती बादली पुढच्या आंसाच्याही पुढें १.५ मीटर आहे. पुष्कळांस वाटेल कीं पुढच्या आंसावर ५०० किलो वाढले. तसें नव्हे. मागच्या आंसापासून तें ओझें ३.४ मीटर दूर आहे. तरफेच्या नियमानें ५०० ला ३.४ नें गुणून १.९ नें भागिलें असतां सुमारें ८९५ किलो येतात. म्हणजे पुढच्या आंसावरील भार ७५० वरून सुमारें १६४५ किलोंवर, दुपटीहून अधिक, जातो. आणि मागचा आंस सुमारें ३९५ किलोंनीं हलका होतो. लोडरच्या स्वतःच्या सांगाड्याचें वजन तर यांत धरलेंच नाहीं. ड्रायव्हर दिवसभर अशा चाकाशीं झुंजला तर संध्याकाळीं त्याचे खांदे भरून आले, यांत नवल तें काय?

दुसरें कारण जमिनीचें. भाताच्या खाचरांत चिखलणी करतांना पुढचीं चाकें चिखलांत रुततात. काळ्या जमिनींत पावसानंतर टायरांस मातीचे लपेटे बसतात. दगडाळ माळावर चाक धोंड्यावर आपटलें कीं तो धक्का उलट स्टिअरिंगपर्यंत येऊन हाताला झटका बसतो. म्हणूनच हातानें वळणाऱ्या ट्रॅक्टरावर बसणारानें अंगठा स्टिअरिंगच्या कड्याच्या आंत अडकवूं नये, बाहेर ठेवावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता आहे. आंतील आऱ्यानें अंगठा मोडण्याचें भय असतें.

आधीं परीक्षा, मग साह्य

स्टिअरिंग जड झालें म्हणजे तें वजनामुळेंच झालें असें मात्र समजूं नये. पुष्कळदां दोष सांध्यांत असतो. याची परीक्षा सोपी असून तीस पैसा पडत नाहीं. ट्रॅक्टर सपाट व कठीण जागीं उभा करावा, इंजिन बंद करावें, मागच्या चाकांस पुढून-मागून दगड लावावे, हॅन्डब्रेक ओढावा, आणि पुढचा आंस जॅकनें उचलून खालीं भक्कम लाकडी ठोकळे द्यावे. केवळ जॅकच्या भरंवशावर यंत्राखालीं हात घालूं नये. आतां दोन्ही चाकें अधांतरीं असतां स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावें. तें दोन बोटांनीं सहज फिरलें तर यंत्र निर्दोष आहे व जडपणा वजनाचा आहे. अधांतरींही तें जड फिरत असेल, मध्येंच अडत असेल, किंवा चाक हलण्यापूर्वीं हातांतील कडें बरेंच रिकामें फिरत असेल, तर दोष किंगपिनांत, त्यांच्या बुशांत, टाय रॉडच्या गोळ्यांत किंवा स्टिअरिंगच्या गिअर बॉक्सांत आहे. मग टायर दोन्ही हातांनीं वर-खालीं धरून हलवावा. खटखट आवाज आला तर चाकाचें बेअरिंग किंवा किंगपिन झिजली आहे असें जाणावें.

हे दोष आधीं दुरुस्त करावे. टायरांत हवा कमी असली तरीही स्टिअरिंग जड होतें, म्हणून ती ट्रॅक्टरच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें भरावी. ग्रीसचीं निपलें मातीनें बुजलेलीं असल्यास तीं साफ करून ग्रीस द्यावें. चाकांची पुढची जुळणी पाहावी. इतकें केल्यावर पुष्कळ ट्रॅक्टर पुन्हां हातानें चालण्याजोगे होतात, आणि नवा खर्च करण्याची गरज राहत नाहीं. ज्याचा सांधा झिजला आहे त्यास तेलाच्या दाबाचा जोर देणें म्हणजे लंगड्या बैलास पराणी टोंचणें होय.

तेलाचा दाब काम कसें करतो?

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हें तत्त्व सतराव्या शतकांत फ्रान्समधील पास्काल यानें मांडलें. १७९५ सालीं इंग्लंडमध्यें जोसेफ ब्रामा यानें त्याच तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. मोटारीच्या स्टिअरिंगास हा जोर लावण्याचें काम अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरानें १९२६ सालीं एका पिअर्स-अॅरो गाडीवर करून दाखविलें. आणि १९५१ मध्यें क्रायस्लर कंपनीनें तें आपल्या इंपीरियल गाडींत विक्रीस आणिलें. शेताकडे पाहावें तर ज्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टराचें उत्पादन १९४६ सालीं इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथें सुरू झालें, त्यांत नांगर उचलण्यास तेलाचा दाब होता, पण चाकें वळविण्यास माणसाचे हातच होते. तेव्हां नांगरास मिळालेलें सुख ड्रायव्हराच्या हातांस मिळण्यास पुढें बराच काळ जावा लागला.

या यंत्राचीं मुख्य अंगें पांच: तेलाची टाकी, इंजिनावर चालणारा पंप, तेल डावीकडे कीं उजवीकडे सोडावें हें ठरविणारी झडप, चाकांस ढकलणारा सिलिंडर, आणि या सर्वांस जोडणाऱ्या नळ्या. सिलिंडरच्या आंत दट्ट्या असतो व त्याचा दांडा चाकाच्या बाहूस जोडलेला असतो. दट्ट्यावर किती जोर येईल हें काढण्यास त्याचें क्षेत्रफळ दाबानें गुणावें. सिलिंडरचा आंतील व्यास ५० मिलिमीटर असला तर क्षेत्रफळ सुमारें १९.६ चौरस सेंटिमीटर होतें. दाब दर चौरस सेंटिमीटरास ८० किलो असल्यास जोर सुमारें १५७० किलोंचा झाला. परंतु ज्या बाजूस दांडा आहे त्या बाजूस दांड्यानें जागा व्यापिलेली असते. २५ मिलिमीटर जाडीचा दांडा ४.९ चौरस सेंटिमीटर खातो. मग उरतात १४.७, व जोर सुमारें ११८० किलो. म्हणून एकाच बाजूस दांडा असलेला सिलिंडर ढकलतांना बलवान व ओढतांना थोडा अशक्त असतो. दोन्ही बाजूंस दांडा काढलेला सिलिंडर घेतल्यास दोहोंकडे जोर सारखा येतो. किंमत मात्र अधिक पडते.

वरील आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावे. मुठीएवढ्या जाडीचा हा सिलिंडर दीड हजार किलोंचा जोर लावूं शकतो. हातानें वळविण्याच्या बेतानें घडविलेल्या टाय रॉडनें असा जोर पूर्वीं कधीं पाहिलेला नसतो.

साह्याचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारांत जुना गिअर बॉक्स, त्याचा बाहू व ड्रॅग लिंक जागच्या जागींच राहतात. स्टिअरिंग फिरवितांच झडपेंतील एक भाग किंचित् सरकतो, तेल सिलिंडरच्या योग्य बाजूस जातें, आणि सिलिंडर चाकास ढकलूं लागतो. चाक हाताच्या बरोबरीस आलें कीं झडप आपोआप मधल्या स्थितींत येते व ढकलणें थांबतें. हात पुढें, तेल मागोमाग, असा हा क्रम असतो. यांत पंप बंद पडला किंवा नळी फुटली तरी लोखंडाचा दुवा तुटत नाहीं. स्टिअरिंग जड होतें, पण हातांत राहतें.

दुसऱ्या प्रकारांत जुना गिअर बॉक्स काढून टाकतात. स्टिअरिंगच्या दांड्याखालीं तेल मोजून सोडणारें एक यंत्र बसवितात, ज्यास मिस्त्री लोक ‘ऑर्बिट्रॉल’ म्हणतात. आणि तेथून चाकांपर्यंत केवळ दोन नळ्या जातात. लोखंडी दुवा उरतच नाहीं. इंजिन बंद पडल्यास यांपैकीं बहुतेक यंत्रें हातपंपासारखीं चालतात, म्हणजे स्टिअरिंग फिरवून ड्रायव्हर स्वतःच तेल ढकलतो. पण तें फार जड असतें, आणि नळी फुटलेली असल्यास त्याचाही उपयोग नसतो.

ट्रॅक्टराचा वेग बेताचा असल्यामुळें दुसरा प्रकार कारखानदारही वापरतात, व बाजारांत जुन्या ट्रॅक्टरांसाठीं जे तयार संच मिळतात ते बहुधा याच जातीचे असतात. परंतु ज्यांच्याकडे डोंगराळ वाटेनें मळ्यावर जाण्यासाठीं जुनी जीप आहे, त्यांनीं मात्र हा मोह धरूं नये. जीप शेतांतून निघून तशीच हमरस्त्यावर वेगानें धांवते. तेथें पहिलाच प्रकार घ्यावा, आणि हातापासून चाकापर्यंतचा लोखंडी दुवा कोणत्याही कारणानें तोडूं नये.

आमची चूक

आमचा ट्रॅक्टर जुना, पुढें लोडर, आणि काम शेणखत व माती उचलण्याचें. तालुक्याच्या गांवीं एका कारखान्यांत आम्हीं दुसऱ्या प्रकारचा संच बसविला. वर सांगितलेली जॅकची परीक्षा आम्हीं केली नाहीं, कारण तेलानें सर्व हलकें होणार अशी आमची समजूत होती. मिस्त्रीनें वेळ वांचविण्याकरितां सिलिंडरच्या दांड्याचें टोंक टाय रॉडच्या मध्यभागीं एक पट्टी वेल्ड करून जोडलें. पहिल्या दिवशीं बादली भरून पाहिली तों स्टिअरिंग थोडें जड वाटलें. तेव्हां आम्हींच त्यास म्हटलें, “आणखी हलकें करा.” त्यानें दाब सोडणाऱ्या झडपेचा स्क्रू दोन आटे आंत फिरविला. दाब मोजण्याचें घड्याळ लावलें नव्हतें, आणि आम्हीं तें मागितलेंही नाहीं.

आठ दिवस सर्वांनीं वाहवा केली. नवव्या दिवशीं भरलेली बादली घेऊन ट्रॅक्टर बांधाच्या कडेनें वळत असतां पुढचें डावें चाक मातींत गाडलेल्या धोंड्यास अडलें. ट्रॅक्टर उभा होता, ड्रायव्हरानें स्टिअरिंग फिरविलें, आणि टाय रॉड मधोमध धनुष्यासारखा वांकला. एक चाक चराकडे व दुसरें बांधाकडे अशीं दोन चाकांचीं दोन तोंडें झालीं. बादली वर उचललेली होती. ट्रॅक्टर चराकडे घसरून एका अंगास कलला व तेथेंच अडकून राहिला. ड्रायव्हर उडी मारून बाहेर पडला. कोणास इजा झाली नाहीं, हें केवळ दैव.

वीस वर्षें तोच ट्रॅक्टर चालविणारा आमचा ड्रायव्हर त्या वेळीं जें बोलला तें आम्ही विसरणार नाहीं. तो म्हणाला, “अण्णा, पूर्वीं चाक अडलें कीं माझा हात मला सांगे. आतां हात कांहींच सांगत नाहीं.” या एका वाक्यांत सर्व धडा आहे. हातानें वळणाऱ्या स्टिअरिंगांत माणसाची अशक्तता हीच यंत्राची राखण करीत असते. जेथें लोखंड मोडण्याची वेळ येईल तेथें हात आधींच हार मानतो. तेलाचा दाब हार मानीत नाहीं. म्हणून हातानें जी राखण केली ती पुढें झडपेनें, अडणीनें व माणसाच्या विचारानें करावी लागते.

दोष मिस्त्रीचा कीं आमचा, असा वाद आम्ही घालीत नाहीं. जोर मागितला तो आम्हीं. आणि तो जोर कशावर पडणार हें न पाहतां मागितला. आतां सिलिंडरचें टोंक टाय रॉडवर नसून थेट चाकाच्या बाहूस जोडलेलें आहे. टाय रॉड अधिक जाड व नव्या गोळ्यांचा आहे. आणि दाब घड्याळ लावून बांधलेला आहे. स्टिअरिंग पहिल्या आठ दिवसांइतकें हलकें नाहीं. तें तसें नसावें हेंच आम्हांस आतां योग्य वाटतें.

मोजमाप कसें धरावें?

संच घेतांना ‘या ट्रॅक्टरास चालतो’ एवढ्यावर भागवूं नये. हिशेब करून पाहावा. वर सांगितलेल्या ५० मिलिमीटरच्या सिलिंडरची चाल २० सेंटिमीटर असली, तर एका बाजूस सुमारें ३९३ घनसेंटिमीटर व दांड्याच्या बाजूस सुमारें २९५ घनसेंटिमीटर तेल लागेल. ऑर्बिट्रॉल एका फेऱ्यांत १०० घनसेंटिमीटर तेल सोडणारा असेल, तर स्टिअरिंगचे एकीकडे जवळजवळ चार व दुसरीकडे जवळजवळ तीन फेरे होतील. हा फरक दोष नव्हे, दांड्याच्या जाडीचा परिणाम आहे. ऑर्बिट्रॉल लहान घेतल्यास फेरे वाढतात व हात हलका राहतो. मोठा घेतल्यास फेरे कमी होतात, पण पंप बंद असतां हातानें वळविणें जवळजवळ अशक्य होतें.

पंपाचा हिशेब इंजिन मंद चालत असतांचा धरावा. कारण बांधाच्या कोंपऱ्यावर वळतांना इंजिन मंदच असतें. एका फेऱ्यास ८ घनसेंटिमीटर तेल देणारा पंप इंजिनाच्या वेगानेंच फिरत असेल, तर मिनिटास ७५० फेऱ्यांवर ६ लिटर तेल येईल. म्हणजे १०० घनसेंटिमीटरचा ऑर्बिट्रॉल सेकंदास एक फेरा या वेगानें फिरवितां येईल. तेवढें पुरतें. तोच पंप २००० फेऱ्यांवर १६ लिटर देतो. चाक टोकास टेकवून तसेंच दाबून धरलें, तर दर चौरस सेंटिमीटरास १०० किलो दाबानें हें सर्व तेल झडपेवाटें परत जातें, आणि इंजिनाचें सुमारें साडेतीन अश्वबळ केवळ तेल तापविण्यांत खर्च होतें. म्हणून चाक टोकास गेलें कीं स्टिअरिंग किंचित् परत घ्यावें, दाबून धरूं नये. सरळ चालतांना तेल मोकळें फिरतें, तेव्हां हा खर्च अगदीं थोडा असतो.

पंप इंजिनावरच चालविला पाहिजे. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पंप आहेच, त्याचेंच तेल घ्यावें, असा सल्ला कित्येक देतात; तो धोक्याचा आहे. फर्ग्युसनच्या जुन्या रचनेंत क्लच दाबतांच तो पंप थांबतो. म्हणजे उतारावर क्लच दाबला कीं नेमकें त्याच वेळीं स्टिअरिंगाचें साह्य नाहींसें होणार. शिवाय लिफ्ट उचलीत असतां स्टिअरिंगास तेल कमी पडतें. पट्ट्यावर पंप चालवावयाचा असल्यास पट्टा ताणलेला असावा. सैल किंवा ओला पट्टा भाराखालीं घसरतो. गिअरवर चालणारा पंप त्याहून बरा.

बसवितांना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट सिलिंडरच्या मुळाची. ट्रॅक्टरचा पुढचा आंस मधल्या खिळीवर झोके घेतो, हें सर्वांस ठाऊक आहेच. सिलिंडरचें एक टोंक चाकाच्या बाहूस व दुसरें ट्रॅक्टरच्या सांगाड्यास बांधलें, तर आंस झोका घेतांच चाकें न सांगतां वळतील. म्हणून सिलिंडरचीं दोन्ही टोंकें आंसाबरोबर झोका घेणाऱ्या भागांवरच असावीं: मूळ आंसावरील पक्क्या पट्टीस, टोंक चाकाच्या बाहूस. सिलिंडर शक्य तितका टाय रॉडशीं समांतर ठेवावा.

दुसरी गोष्ट अडणीची. दट्ट्या सिलिंडरच्या तळास आदळण्यापूर्वीं आंसावरील अडणीचा बोल्ट चाकास थांबवील, व दोन्ही टोंकांस दांड्याची थोडी चाल शिल्लक राहील, अशी मांडणी करावी. संच बनविणारानें याहून निराळें लेखी सांगितलें असल्यास त्याचें म्हणणें प्रमाण मानावें. टायर पूर्ण वळला असतां लोडरच्या खांबास किंवा नळीस घासत नाहीं हें दोन्ही बाजूंस पाहावें.

तिसरी गोष्ट नळ्यांची. दाबाची नळी तिच्यावर छापलेल्या दाबाची खात्री करूनच घ्यावी. पाण्याची किंवा डिझेलची नळी येथें चालत नाहीं. चाक दोन्ही टोंकांस व आंस दोन्ही झोक्यांस नेऊन नळी ताणत नाहीं, पिळत नाहीं व सायलेन्सरास लागत नाहीं हें पाहावें.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. धुळीचा एक कण झडपेंत गेला तरी स्टिअरिंग एकीकडे ओढूं लागतें. नळ्यांचीं तोंडें बांधून ठेवावीं, टाकी धुऊन पुसावी, आणि परतीच्या तेलावर गाळणी बसवावी. तेल संच बनविणारानें सांगितलेल्या जातीचेंच भरावें. दोन जातींचीं तेलें मिसळूं नयेत.

पांचवी गोष्ट हवा काढण्याची. पुढचीं चाकें पूर्वींप्रमाणें उचलून टाकी भरावी, इंजिन मंद चालवावें, आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेक वेळां फिरवावें. टोकास दाबून धरूं नये. मध्यें मध्यें टाकींतील तेल पाहून भर घालावी. तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसलें तर त्यांत हवा आहे. इंजिन बंद करून फेस बसूं द्यावा व पुन्हां तीच क्रिया करावी. शेवटीं घड्याळ लावून झडपेचा दाब संचाच्या पुस्तकाप्रमाणें बांधावा, आणि त्या स्क्रूस पुन्हां कोणी हात लावूं नये.

जीवाची काळजी

दाबाच्या नळीस सुईएवढें छिद्र पडलें तर त्यांतून निघणारी तेलाची धार डोळ्यांस दिसत नाहीं, पण ती कातडीच्या आंत शिरते. गळती शोधण्यास हात फिरविण्याची संवय फार घातक आहे. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावें व डोळ्यांस चष्मा लावावा. धार अंगांत शिरल्यास जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसली तरी घरगुती इलाज करीत बसूं नये. तत्काळ इस्पितळांत जाऊन तेल कशाचें व कसें शिरलें हें डॉक्टरांस सांगावें. उशीर झाल्यास हात गमावण्याची वेळ येते. कोणताही जोड सोडण्यापूर्वीं इंजिन बंद करावें, लोडर जमिनीवर टेकवावा, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे हलवून दाब मोकळा करावा.

कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नें नोंदणी झालेल्या वाहनांत फेरबदल करण्यावर बंधनें घातलीं आहेत, आणि रस्त्यावर चालणारा ट्रॅक्टर व जीप हीं नोंदणीचीं वाहनें आहेत. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे विचारून लेखी उत्तर घ्यावें. अपघात घडल्यावर हा प्रश्न निघाला तर त्याचें उत्तर फार महाग पडतें.

समारोप

ज्यांचा ट्रॅक्टर केवळ नांगरटीचा व पेरणीचा आहे, आणि ज्याचें स्टिअरिंग जॅकवर दोन बोटांनीं फिरतें, त्यांनीं या खर्चाच्या वाटेस न जातां ग्रीस व हवा यांवर लक्ष ठेवावें. ज्यांच्या ट्रॅक्टरास लोडर आहे, किंवा जे रोज चिखलांत व दगडांत वळणें घेतात, त्यांनीं हें साह्य अवश्य जोडावें. तें ड्रायव्हराच्या शरीरावर उपकार करणारें आहे. मात्र क्रम चुकवूं नये: आधीं परीक्षा, मग सांध्यांची दुरुस्ती, मग टाय रॉड व बाहू यांची बळकटी, आणि सर्वांच्या शेवटीं तेलाचा जोर. रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं टाकींतील तेल, नळ्यांची ओल आणि टाय रॉडच्या गोळ्यांची ढिलाई पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. हात जें सांगत असे तें आतां डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे.

आमचा तो वांकलेला टाय रॉड आम्हीं भंगारांत घातला नाहीं. तो ट्रॅक्टरच्या पडवींत खुंटीवर टांगलेला आहे. नवा ड्रायव्हर कामास आला कीं आमचा जुना ड्रायव्हर त्यास आधीं तो दाखवितो आणि मगच किल्ली देतो.